केबिनमधून मांजर-कुत्रा नेला आहे का? कसं झालं ते सांगा

आमची मनी. वय सहा वर्षं, वजन साडेचार किलो, स्वभाव संशयी. दोन महिन्यांनी घर हलतंय आणि मधे सहा तासांचं विमान आहे. तिला खाली कार्गोत पाठवायचं नाही, एवढं घरात एकमताने ठरलंय. विमान कंपनीचे नियम वाचून झाले: पिशवीसकट आठ किलोच्या आत, पिशवी पुढच्या सीटखाली मावली पाहिजे, दार बंद झाल्यापासून उतरेपर्यंत प्राणी आतच. नियम सांगू नका, तुमचं काय झालं ते सांगा. फजिती असेल तर आधी ती.

*

बोक्याची आई

फजिती मागितलीत म्हणून लिहिते. सगळे उड्डाणाची काळजी करतात, पण खरी परीक्षा सिक्युरिटीला असते. एक्स-रे मशीनमधून जाते ती रिकामी पिशवी. प्राण्याला हातात घेऊन धातूच्या चौकटीतून आपण चालत जायचं. हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं.

बोका बाहेर येईना. चारही पंजे जाळीत रुतवलेले, आणि मागे लॅपटॉप हातात घेऊन ताटकळलेली रांग. एक पंजा सोडवला की दुसरा अडकायचा. शेवटी सुटला तो थेट माझ्या खांद्यावर, तिथून मानेमागे. स्वेटरमधून नखं आत जात होती, तरी मी तशीच ताठ मानेने चौकटीतून गेले. चौकट वाजली! त्याच्या गळपट्ट्याचं बक्कल लोखंडी होतं. परत मागे, परत पुढे. पलीकडच्या बाईंनी माझे हात पुसून स्फोटकांची चाचणी केली, तोवर हा माझ्या केसांत तोंड खुपसून गुरगुरत होता.

पुढच्या वेळी घरूनच प्लास्टिकच्या बकलांचा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घातला, पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला आणि गेल्या गेल्या सांगितलं, “बंद खोलीत तपासा.” लगेच नेलं. ही सोय बऱ्याच विमानतळांवर असते, पण आपण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मांजर सुटलं आणि छताच्या पाइपांत शिरलं, तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि हो, आदल्या दिवशी नखं कापा.

*

दोन ओळींचा माणूस

आधी फोन, मग तिकीट. एका उड्डाणात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. मी उलटं केलं. माझं तिकीट पक्कं, कुत्रीची जागा भरलेली. तारीख बदलायचा दंड माझ्या माथी. आणीबाणीच्या दाराजवळची आणि भिंतीसमोरची सीटही मिळत नाही. दाराजवळची वाट मोकळी ठेवावी लागते, आणि भिंतीसमोर पुढे सीटच नसते, मग पिशवी ठेवणार कशाखाली?

*

कागदवाला

परदेशी जाणार असाल तर हे नीट वाचा, माझे चार महिने यात गेलेत.

आमच्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली, त्याचं पुस्तक चोख. जायचं ठरल्यावर कातडीखाली ओळख क्रमांकाची चिप बसवली, १५ अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची. झालं की सगळं, असं मी घरात जाहीरही करून टाकलं. कागद तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन तारखा पाहिल्या आणि विचारलं, “चिप लसीनंतर?” युरोपीय संघाच्या नियमात चिप आधी असावी लागते, किंवा निदान त्याच दिवशी. चिपच्या आधीची लस धरतच नाहीत. लस टोचली ती याच कुत्र्याला, हे ओळखणार कशावरून, असा त्यामागचा हिशोब. रागावण्यासारखं त्यात काही नाही, तरी मी रागावलो.

मग लस नव्याने. आमच्या देशातून जाताना टायटर चाचणीही लागते, लस रक्तात लागू पडली का ते बघणारी. म्हणजे लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यात प्रतिपिंडं ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा वर आली पाहिजेत, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. बायको-मुलं पुढे गेली. मी आणि कुत्रा रिकाम्या घरात गादीवर.

*

परदेशी कागदांना जोड

वरच्या दादांच्या यादीत भर. ब्रिटनमध्ये येणाऱ्या विमानात केबिनमधून पाळीव प्राणी आणता येत नाही, मदतनीस कुत्र्यांचा अपवाद सोडून; कार्गोनेच यावं लागतं. आम्ही ब्रिटनसमोरच्या युरोपच्या किनाऱ्यापर्यंत विमानाने आलो आणि पुढे गाडीसकट बोटीने. कुत्रा असेल तर फितकृमीचं औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरांकडूनच द्यावं लागतं, त्यामुळे सगळा प्रवास त्या घड्याळाभोवती बेतला. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू आणता येत नाही, मोठ्या कुत्र्यालाही चिप आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा फॉर्म लागतो. मांजरवाल्यांनो, तुम्ही सुखी आहात.

*

पग-पालक

गुंगीचं औषध मागायला गेलो आणि बोलणी खाऊन आलो. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. गुंगीने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. चपट्या नाकाचा कुत्रा जमिनीवरच घोरत श्वास घेतो, वर काय करेल? डॉक्टर म्हणाले, “त्याला झोपवायचंय की तुम्हाला झोपायचंय?” खरं तर मलाच. बिनऔषधाचा गेला आणि तीन तास घोरला. पुढच्या रांगेतल्या काकांनी दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं.

*

दोन मांजरं, एक माणूस

औषध सरसकट वाईट म्हणू नका. आमच्या डॉक्टरांनी घाबरट मांजरीसाठी गॅबापेन्टिन हे शांत करणारं औषध दिलं, पण अट घातली की आठवडाभर आधी घरी एकदा देऊन बघायचं. बरं झालं बघितलं. बाईसाहेब सोफ्यावरून उतरताना सोफा संपला हेच विसरल्या, मग अर्धा तास भिंतीकडे टक लावून बसल्या. मात्रा कमी करून घेतली. माणसांचं औषध अर्धं करून देणाऱ्यांना मात्र लांबूनच नमस्कार.

*

पलीकडच्या सीटवरची

मी प्राणी नेत नाही, मला मांजराची अॅलर्जी आहे. लिहू का नको असं झालं, तरी लिहिते. त्रास केसांचा नसतो, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनाचा असतो, त्यामुळे “आमचं फार केस गाळत नाही” हे ऐकवू नका. एकदा शेजारच्या मुलीने उड्डाणानंतर चेन हळूच उघडून पिल्लू मांडीवर घेतलं. गोड होतं. वीस मिनिटांत माझे डोळे सुजले. कर्मचाऱ्यांनी मला मागे बसवलं. तिला उठवलं नाही याचं अजून वाईट वाटतं. बसतानाच शेजाऱ्यांना विचारा. मी नाही म्हणणार नाही, फक्त जागा बदलून मागेन.

*

बोक्याची आई

ताई, बरं झालं लिहिलंत. मी चेन चार बोटं उघडून आत हात घालते, तेवढंही चालत नसेल का?

*

पलीकडच्या सीटवरची

हात घाला हो. मग तो पुसा.

*

जुना खेळाडू

अकरा वेळा नेलंय, म्हणून थोडं. पिशवी आणली की कपाटात ठेवू नका. महिनाभर आधीपासून घरात तोंड उघडं ठेवून पडू द्या, आत तुमचा न धुतलेला टीशर्ट. पिशवी फक्त डॉक्टरकडे जाताना निघत असेल तर ती दिसताच प्राणी पलंगाखाली जाणारच. निघण्याआधी चार-सहा तास खाणं बंद, पाणी चालू. तळाशी शू शोषणारे पॅड एकावर एक तीन घाला, म्हणजे वरचं ओलं झालं की तेवढंच ओढून काढता येतं. हे काम विमानाच्या संडासात, एका पायाने दार धरून करावं लागतं. पहिली वीस मिनिटं ओरडेल. मग इंजिनाची घरघर लागली की बहुतेक गप्प होतात. आपलाच जीव ठिकाणावर नसतो.

*

मनीची माणसं

सगळ्यांचे आभार. लसीचं पुस्तक काढून तारखा पाहिल्या, देशातल्या देशात जायचंय म्हणून सुटलो. पिशवी तीन दिवस हॉलमध्ये उघडी आहे. मनी आत जात नाही, वर बसते. छत पार खाली गेलंय. वजन केलं तर पिशवी सव्वा किलो आणि मनी पावणेपाच, म्हणजे तीही वाढलीच आहे. काल नखं कापायला घेतली. उजव्या पुढच्या पायाची दोन झालीत.