'पन्नाशीला आठवलं का?' म्हणणाऱ्यांसाठी

उशिराची_गाडी :
परवा एका धाग्यावर कोणीतरी लिहून गेलं : "आयुष्यभर पुरुष म्हणून सुखात जगायचं आणि पन्नाशी आली की चार ग्रुप वाचून 'मी स्त्री आहे' म्हणायचं. हे ऑनलाइन कळपाने लावलेलं वेड आहे." तिथे उत्तर द्यायला बसले, ते लांबलं. म्हणून वेगळा धागा.

सुखात? मला शाळेपासून माहीत होतं. नोकरी, लग्न, मूल सगळं रीतसर केलं, कारण रीतसर वागलं की हे जाईल अशी आशा होती. गेलं नाही. आणि ग्रुपवर 'तू स्त्री आहेस' असं मला कोणीही सांगितलेलं नाही. मी सगळं लिहिल्यावर पहिला प्रश्न आला, "झोप लागते का?" दुसरा, "घरी कोणकोण आहे?"

विशीतल्या मुलामुलींचे व्हिडिओ पाहून मी उलट खचले होते. मला टक्कल, रक्तदाब, घराचे हप्ते आणि वयात आलेलं मूल असलेलं कोणीतरी हवं होतं. ते फक्त ऑनलाइन सापडलं.

वेड म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची अधिकृत यादी उघडावी. २०१९ मध्ये मंजूर झाली, २०२२ पासून लागू आहे. ट्रान्स असण्याचा हा विषय त्यांनी मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकला आहे. आणि कळप इंटरनेटने तयार केला म्हणणाऱ्यांनी लिन कॉनवे वाचावी. संगणकशास्त्रातलं मोठं नाव. १९६८ मध्ये आयबीएमने तिला याच कारणाने काढलं. नंतर तीस वर्षं तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. साठीच्या आसपास जाहीर बोलली आणि स्वतःच्या वेबसाइटवर इतरांसाठी माहितीचा डोंगर रचला. आयबीएमने माफी मागितली २०२० मध्ये. तीस वर्षं ती कोणत्या ग्रुपवर होती?

स्पष्टवक्ता :
तो 'कोणीतरी' मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.
विकार नाही, मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या ग्रुपवर "थांब, वर्षभर विचार कर" म्हणणाऱ्याचं काय होतं ते सांगा. माझा जुना मित्र अशाच ठिकाणी होता. शंका विचारली की 'द्वेष्टा', गप्प बसलं की 'घाबरट'. त्याला आधार म्हणायचं?

उशिराची_गाडी :
ग्रुप बदलायचा. आम्ही तीन बदलले की.

पांढरा_कोट :
तुमचं भांडण चालू द्या, मला एक सांगायचंय. हे ग्रुप डोस सांगतात! मी औषधांच्या धंद्यात आहे. पन्नाशीचा, सिगारेट ओढणारा माणूस कोणा अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून इस्ट्रोजेनच्या (स्त्री-हार्मोनच्या) गोळ्या चालू करतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. तोंडावाटे घेतलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका त्वचेवर चिकटवायच्या हार्मोनच्या पट्टीपेक्षा जास्त असतो आणि वयाबरोबर तो वाढतो. शिवाय लोकांना वाटतं गोळीने आवाज बारीक होतो. होत नाही. त्याला सराव लागतो, व्हॉइस थेरपी लागते.

उशिराची_गाडी :
पट्टीचं मला ग्रुपवरच कळलं. डॉक्टरने गोळ्याच लिहून दिल्या होत्या. ग्रुपवरच्या बाईंनी "परत जा आणि विचार" म्हणून पिच्छा पुरवला.

पांढरा_कोट :
तुमच्या बाई शहाण्या निघाल्या. सगळ्या नसतात.

दुसरी_बाजू :
इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही.
माझ्या नवऱ्याने (हो, नवराच म्हणतेय, मला अजून दुसरं जमत नाही) हे शेकडो अनोळखी लोकांना सांगितलं आणि मला सर्वांत शेवटी. मला कळलं ते उघड्या राहिलेल्या टॅबवरून. नवं नाव ठरलेलं, त्यावर अभिनंदनं झालेली. आमची भांडणंही तिथे, माझी बाजू वगळून. आणि खाली सल्ले : "बायको समजून घेत नसेल तर सोड." मला एकदाही न भेटलेली माणसं! संसार माझा, मत त्यांचं. तुमच्या आधाराची किंमत कोण मोजतं, ते कधी लिहिणार?

उशिराची_गाडी :
वाईट वाटलं वाचून. पण आधी घरी सांगायचं तर कोणत्या तोंडाने? ज्या वाक्याने घर मोडू शकतं ते कुठेतरी आधी मोठ्याने म्हणून बघावं लागतं.

दुसरी_बाजू :
म्हणजे माझ्याशी बोलण्याची तालीम माझ्याच पाठीमागे. छान.

स्पष्टवक्ता :
+१. हेच म्हणत होतो.

दुसरी_बाजू :
स्पष्टवक्ता, तुम्ही नका माझ्या बाजूला येऊ. मी नवऱ्याला वेडा म्हटलेलं नाही.

जुनी_पानं :
बायकोला अंधारात ठेवणं हा इंटरनेटचा दोष कसा? ब्रिटिश ट्रान्स लेखिका जॅन मॉरिसच्या काळात नेट नव्हतं. लग्न १९४९ चं, शस्त्रक्रिया १९७२ मध्ये कासाब्लांकाला, चाळिशी उलटल्यावर. कायद्यापायी घटस्फोट घ्यावा लागला, तरी दोघी एकत्रच राहिल्या आणि २००८ मध्ये सिव्हिल पार्टनरशिप (लग्नासारखी कायदेशीर नोंदणी) केली. ते टिकलं, कारण बायकोला, एलिझाबेथला, सगळं माहीत होतं.

दुसरी_बाजू :
एलिझाबेथचं उदाहरण मला गेल्या वर्षभरात सगळ्यांनी दिलंय. तिला काय वाटलं ते कोणी विचारलं होतं का? टिकली म्हणून थोर. मी टिकले नाही तर?

मिशीवाला :
शंभर प्रतिसाद होतील आणि ट्रान्स पुरुषांचा (जन्माने मुलगी ठरवलेल्या आमच्यासारख्यांचा) उल्लेख येणार नाही, नेहमीसारखं. मी पंचेचाळिशीत बाहेर आलो. रजोनिवृत्ती आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन) एकत्र, यावर कोणी बोलत नाही. आमचा आवाज हार्मोनने फुटतो आणि परत येत नाही. ऑफिसात फोन उचलला की सगळ्यांना कळतं, 'आधी कोणाला सांगू' ही चैन उरत नाही. आणि आमच्या ग्रुपवर माझ्या वयाचे सापडतात तरी किती!

पांढरा_कोट :
रक्ततपासणी करता ना? टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं.

मिशीवाला :
करतो हो डॉक्टर.

पांढरा_कोट :
डॉक्टर नाही मी.

उशिराची_गाडी :
दुसरी_बाजू, जोडीदारांसाठीही ग्रुप असतात. तिथे तुम्हाला बोलता येईल.

दुसरी_बाजू :
गेले होते. निम्म्या जणी म्हणतात सोड, निम्म्या म्हणतात किती भाग्यवान आहेस. एकीशी मात्र रोज बोलते. तिला माझ्या घरात काय चाललंय ते सगळं माहीत आहे. हसू नका.

उशिराची_गाडी :
हसत नाहीये. त्याला माहीत आहे का हे?

दुसरी_बाजू :
नाही. आणि ते सारखं नाही.

स्पष्टवक्ता :
'वेड' आणि 'कळप' मागे घेतो, खूश? 'घाई' मात्र मागे घेणार नाही.

उशिराची_गाडी :
नका घेऊ. तीस वर्षांची घाई आहे माझी.

पांढरा_कोट :
सिगारेटचं कोणीच उत्तर दिलं नाही.