जायफळाची कॉफी शेवटच्या घोटाला कडवट लागते, मदत हवी आहे

नमस्कार. माझी आत्या यंदाच्या थंडीत दोन महिने ठाण्याला आमच्याकडे राहायला आली आहे. तिचे वय ८१ असून तिचे सारे बालपण पुण्याला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेले. रात्रीचे जेवण उरकल्यावर तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी, थंडीत जायफळ घातलेली दुधाची कॉफी होत असे. तिला ती एकदा तरी पुन्हा तशीच प्यायची आहे आणि मला ती तिला मनापासून करून द्यायची आहे. गेल्या दहा दिवसांत मी ती पाच वेळा केली, पण एकदाही जमली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम तिला काय आठवते ते लिहिते. दूध म्हशीचे, घरी तापवलेले असे. कॉफी पोल्सन कंपनीची येई, तिची पूड उकळत्या पाण्यात टाकून भांडे झाकून ठेवत आणि नंतर ते पाणी फडक्यातून गाळून घेत. जायफळ किसत नसत, तर बाळाच्या गुटीच्या सहाणेवर उगाळत. वेलदोडा थोडा असे, पण वास जायफळाचाच पुढे येई. माझी आजी जायफळ अगदी शेवटी घालत असे, हे आत्याला पक्के आठवते; मात्र शेवटी म्हणजे दूध उतरवण्यापूर्वी की उतरवल्यानंतर, आणि नेमके किती, हे तिला सांगता येत नाही. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि तिचे लक्ष कपाकडे असायचे.

आता माझी कृती सांगते. पहिल्या दिवशी मी चहासारखाच विचार केला. पातेल्यात अर्धे पाणी आणि अर्धे दूध घेतले, त्यात साखर, दोन चमचे कॉफी, पाकिटातली पाव चमचा जायफळाची पूड आणि ठेचलेले दोन वेलदोडे असे सगळे एकत्र घालून आठ-दहा मिनिटे उकळले. रंग छान आला, पण चव औषधी काढ्याची आली. आत्याने दोन घोट घेतले आणि कप बशीत ठेवून म्हणाली, “अगं, ही सर्दीची झाली, जेवणानंतरची नाही झाली.” दुसऱ्या दिवशी जायफळ निम्मे केले, तेव्हा वास गेला आणि कडवटपणा मात्र तसाच राहिला. याचेच मला सर्वांत जास्त कोडे पडले आहे, कारण पदार्थ निम्मा केल्यावर त्याचे गुण आणि दोष दोन्ही निम्मे व्हायला हवेत, असे मला वाटत होते.

तिसऱ्या दिवशी मी वाण्याकडून अख्खे जायफळ आणले आणि बारीक किसणीवर किसून घातले. या वेळी पहिला घोट बराच जवळ गेला, इतका की आत्याने डोळे मिटले. परंतु कप संपत आला तसा तळाशी तपकिरी गाळ साचलेला दिसला आणि शेवटचे तीन-चार घोट जिभेला बोचरे, किंचित बधिर करणारे लागले. चौथ्या दिवशी तीच कृती केली, पण घरातली साखर संपली होती म्हणून गूळ घातला. गॅसवर असतानाच दूध फाटले आणि सगळे पातेले ओतून द्यावे लागले. पाचव्या दिवशी आत्याने स्वतःच “आज नको, उद्या बघू” असे म्हटले, तरी मी माझ्यापुरती करून पाहिली. गाळ आणि कडवटपणा पुन्हा होताच.

माझ्याकडे सध्या असलेले साहित्य असे आहे. कॉफीच्या पाकिटावर ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी असे लिहिलेले आहे. दूध पिशवीतले टोन्ड आहे. जायफळे तीन आहेत, त्यांपैकी एकाला बारीक भोके आहेत. आजीची सहाण माझ्याकडेच आहे. माझ्या मुलाच्या गुटीनंतर ती गेली एकवीस वर्षे कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली होती, ती आता काढून धुऊन ठेवली आहे. कॉफीचा पितळी फिल्टर घरात नाही आणि एका पदार्थासाठी तो घ्यावा की नाही, हेही मला कळत नाही.

जाणकारांनी कृपया पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. जायफळ नेमके कोणत्या क्षणी घालावे? दोन कपांना ते किती पुरे? कडवटपणा जायफळाचा आहे, कॉफीचा आहे, की दोन्ही एकत्र उकळल्यामुळे येतो? झटपट विरघळणारी कॉफी फेटून करण्याची पद्धत मला येते आणि ती मुलांना आवडतेही, परंतु आत्याला हवी असलेली कॉफी ती नव्हे, तेव्हा कृपया तो मार्ग सुचवू नये.

प्रतिसाद (बंगळूर)

मी गेली बावीस वर्षे बंगळुरात राहतो आणि घरी रोज डिकॉक्शनची, म्हणजे पूड गरम पाण्यात भिजवून गाळलेल्या दाट अर्काची कॉफी होते, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या कृतीत चूक एकच आहे, पण ती मुळाशी आहे. चहाची पूड दुधात उकळलेली आपल्या जिभेला चालते, कॉफीची चालत नाही. कॉफीतील सुवास गरम पाण्यात पहिल्या काही मिनिटांतच उतरतो. त्यानंतर उकळत राहिल्यास सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि मागून कडू अंश तेवढे उतरत राहतात. जायफळाचेही थेट असेच आहे. त्याचा वास ज्या तेलात असतो ते उडून जाणारे आहे, त्यामुळे दहा मिनिटे उकळल्यावर पातेल्यात राहतो तो वास गेलेला लाकडी, तुरट चोथा. आपण जायफळ निम्मे केले तेव्हा आधीच उडून जाणारा वास आणखी कमी पडला. कडवटपणा मात्र निम्म्याहून जास्त कॉफीचा होता, तो जागच्या जागी राहिला.

फिल्टर घेण्याची अजिबात आवश्यकता नाही, आपल्या आजींची पद्धत उत्तम होती. दोन कपांसाठी दीडशे मिलिलिटर पाण्याला उकळी आणावी, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग त्यात सपाट चार मोठे चमचे (टेबलस्पून), म्हणजे साधारण २० ग्रॅम पूड घालून एकदाच ढवळावे आणि पाच मिनिटे घट्ट झाकून ठेवावे. नंतर ओल्या सुती फडक्यातून गाळावे. फडके पिळू नये, पिळल्याने बारीक गाळ खाली येतो. पूड बरेच पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती शंभर-एकशेदहा मिलिलिटर डिकॉक्शन येईल. ते अडीचशे ते तीनशे मिलिलिटर गरम दुधात घालावे आणि त्यानंतर पातेले पुन्हा गॅसवर चढवू नये.

चिकोरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ते एका झाडाचे भाजलेले मूळ आहे आणि त्यात कॅफीन नसते. तिच्यामुळे डिकॉक्शन दाट आणि गडद होते, पण स्वतःचा कडवटपणाही तिच्यात भरपूर असतो. कायद्याने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, त्यामुळे बाजारात जवळजवळ निम्मी चिकोरी असलेली पाकिटेही मिळतात. ३० टक्के हे प्रमाण आमच्या घरी रोज चालते, परंतु जायफळासोबत मी ते घेणार नाही. वीस टक्के किंवा त्याहून कमी चिकोरीची, शक्य झाल्यास दुकानात समोर दळून दिलेली पूड आणावी.

गुळामुळे दूध फाटणे स्वाभाविक आहे. गूळ किंचित आंबट असतो, कॉफीही आंबट असते आणि दूध तापलेले असताना ते फाटायला थोडा आंबटपणाही पुरतो. तमिळनाडूतल्या सुक्कु कापीत सुंठ, मिरी, धणे आणि गूळ असे सगळे उकळतात, पण तिच्यात दूध नसते, म्हणून ते निभते. आपल्या आत्यांच्या कॉफीला साखरच घालावी.

प्रतिसाद (गुहागर)

आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत जायफळाची अकरा झाडे आहेत, त्यामुळे कॉफीपेक्षा जायफळाविषयी अधिक खात्रीने लिहू शकते. भोके पडलेले जायफळ आजच टाकून द्यावे, त्याला कीड लागलेली आहे. चांगले जायफळ आकाराच्या मानाने जड लागते आणि त्यात सुई टोचली की तेलाचा ओलसर ठिपका दिसतो. मिळाल्यास कवचासकट घ्यावे. कानाशी धरून हलवल्यावर आत गर खुळखुळत असेल तर ते नीट वाळलेले आहे असे समजावे, आणि कवच फोडायचे ते वापरण्याच्या दिवशीच. पाकिटातली पूड कधी केलेली आहे हे कळायला मार्ग नसतो.

आपल्या आजी जायफळ उगाळत असत, त्याला कारण होते. जायफळात पाव हिश्शाहून जास्त घट्ट चरबी असते आणि वासाचे तेलही पाण्यात नीट मिसळत नाही, ते स्निग्ध पदार्थात मिसळते. किसलेले कण कितीही बारीक असले तरी कणच राहतात आणि कपाच्या तळाशी जाऊन बसतात. सहाणेवर पाण्याऐवजी चमचाभर दूध घेऊन उगाळल्यास गंधासारखा लेप होतो आणि तो दुधात एकजीव होतो. त्यासाठी दूधही स्निग्ध हवे. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६, आणि म्हशीच्या घरच्या दुधात त्याहूनही थोडा जास्त. दोन कपांना सहाणेवर सात-आठ वेढे पुरेत. दूध वर आले की गॅस बंद करावा, लेप त्यात मिसळून दोन मिनिटे झाकण ठेवावे आणि मग डिकॉक्शन घालावे. वेलदोडा चमचाभर साखरेबरोबर खलून दुधातच घालावा, पण दोन कपांना एकच. गाळाची फारच अडचण वाटल्यास जायफळाऐवजी जायपत्रीची एक पाकळी दुधात भिजू द्यावी आणि काढून टाकावी.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. वास येत नाही म्हणून जायफळ वाढवत जाऊ नये. चिमूटभर जायफळ आपण श्रीखंडात आणि पुरणातही घालतो, त्याने काही होत नाही. परंतु पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ एका वेळी पोटात गेले तर मळमळ, छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतो. आत्यांना झोपेची किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आत्याच्या डॉक्टरांना विचारले. आठवड्यातून दोन-तीनदा इतक्या थोड्या प्रमाणात घ्यायला त्यांची हरकत नाही. फक्त रात्री साडेनऊऐवजी संध्याकाळी सहाला द्यावी, म्हणजे कॉफीने झोप उडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

काल फुल क्रीम दूध आणि १५ टक्के चिकोरीची ताजी दळलेली पूड आणली. सहाण ओट्यावर ठेवून जायफळ उगाळायला घेतले, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्यालाच वास बाहेरच्या खोलीत पोहोचला आणि आत्या काठी टेकत स्वयंपाकघरात आली. किसणीवर जायफळ किसताना इतका वास एकदाही सुटला नव्हता. लेप चंदनाहून गडद, तपकिरी आणि बोटाला तेलकट लागणारा झाला. दूध उतरवून तो मिसळला, झाकण ठेवले आणि त्या दोन मिनिटांत साखर-वेलदोडा खलून घातला. फडक्यातून गाळलेले डिकॉक्शन ओतल्यावर दुधाला गव्हाळ रंग आला. माझ्या आधीच्या गडद कॉफीहून तो बराच फिका होता, त्यामुळे मी मनातून धास्तावले होते. आत्या मात्र रंग पाहताच म्हणाली, “हां, हाच.” तिने अर्धा कप बशीत ओतून घेतला आणि उरलेला कपातूनच शेवटपर्यंत प्यायली. तळाशी गाळ अगदी नखाएवढा राहिला आणि शेवटच्या घोटाला कडवटपणा नव्हता. फक्त वेढे आठ नकोत, पाच पुरेत, असे तिचे म्हणणे पडले.

आज जायपत्रीही करून पाहिली. ती मला स्वतःला आवडली, सौम्य आणि स्वच्छ लागली, परंतु आत्याच्या मते तिला मसालेभाताचा वास येतो, त्यामुळे आमच्या घरी तो प्रश्न मिटला आहे.

आता आणखी एक शंका विचारते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका येतील आणि त्या दिवशी सर्वांना हीच कॉफी द्यावी अशी आत्याची इच्छा आहे. डिकॉक्शन सकाळी करून झाकून ठेवले तर संध्याकाळपर्यंत त्याची चव टिकेल का? आणि दोन कपांना पाच वेढे हा हिशोब पंचवीस कपांना सरळ गुणून चालेल, की मोठ्या पातेल्यात दूध बराच वेळ गरम राहत असल्याने जायफळ कमी घालावे? सहाणेवर साठ-पासष्ट वेढे उगाळायची माझी तयारी आहे.