पायवाट आणि मनातले विचार

डोंगरवाटेवर धावल्यावर मन हलके होते ते केवळ शरीर दमल्यामुळे, हे मत मला अपुरे वाटते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी काही जणांना ९० मिनिटे निसर्गात आणि इतरांना रहदारीच्या रस्त्याकडेने चालवले, तेव्हा वेळ सारखाच असूनही नकारात्मक विचार घोळवत राहणे पहिल्याच गटात कमी झालेले आढळले. धावताना तर सुटे दगड आणि मुळे यांमुळे पुढचे पाऊल कुठे टाकायचे याकडे इतके लक्ष द्यावे लागते की चिंतेला फारशी जागाच उरत नाही. मात्र मनगटावरच्या घड्याळात वेग पाहत धावणाऱ्यांना (हल्ली असे बरेच दिसतात) हा लाभ कितपत मिळत असेल, याविषयी मला शंका आहे.