दावा की खटला? वर्गात कोणता शब्द शिकवावा

खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव, कर्नाटक) शिक्षिका:
मराठी माध्यमाच्या शाळेत समाजविज्ञान शिकवते. या आठवड्यात न्यायव्यवस्थेचा धडा सुरू आहे. 'खटला' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि एका मुलाने विचारलं, "बाई, सीमाप्रश्नाचा खटला चाललाय न्हवं? मग त्यात शिक्षा कुणाला होणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याच वेळी मागच्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. तिच्या आजोबांची बांधावरून केस चालू आहे, महिन्या-दोन महिन्यांनी ते तारखेला जातात, आणि मुलं तिला त्यावरून चिडवतात. खटला म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बेड्याच येतात. दावा आणि खटला यांत फरक करावा का? कोर्टात काम करणाऱ्यांनी सांगावं.

बेळगावातील वकील:
बाई, फरक जरूर करा. वर्तमानपत्रं सरसकट खटला लिहितात, बोलताना आम्हीही सगळ्याला केसच म्हणतो. पण कागदावर दिवाणी, म्हणजे जमीन-पैशासारख्या हक्काचा वाद असेल तर दावा आणि फौजदारी, म्हणजे गुन्ह्याचं प्रकरण असेल तर खटला, हीच रीत आहे. दाव्यात वादी, म्हणजे दावा घालणारा, आणि प्रतिवादी, म्हणजे ज्याच्यावर तो घातला तो, असे दोघे असतात. वादी वादपत्र देतो, प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर देतो, शेवटी कोर्टाचा हुकूमनामा होतो. हक्क कुणाचा, एवढंच तिथं ठरतं. आरोपी, शिक्षा, जामीन हे शब्द खटल्यातले.

त्या मुलाचा प्रश्न फार मोलाचा आहे. सीमाप्रश्नाचं प्रकरण म्हणजे महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला मूळ दावा. राज्याराज्यांमधला किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातला वाद राज्यघटनेच्या कलम १३१ खाली थेट तिथंच जातो. खालच्या कोर्टाचा निकाल नाही, म्हणून हे अपीलही नाही. महाराष्ट्र वादी, केंद्र सरकार आणि कर्नाटक प्रतिवादी. प्रश्न महाराष्ट्र मागत असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांचा आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आखलेल्या सीमेचा. यात आरोपी कुणीच नाही, त्यामुळे शिक्षाही कुणाला नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा. शेजारच्या कन्नड घरातला आपला मित्र त्या दाव्यात कुठल्याही पिंजऱ्यात उभा नाही, हे त्यांना वेळीच कळलं पाहिजे.

आणखी एक. आपली मुलं कन्नडही शिकतात, त्याचा उपयोग करा. कन्नडमध्ये दाव्याला 'दावे' आणि खटल्याला 'खट्ले' म्हणतात. जामीन तिथं 'जामीनु' होतो, अर्ज 'अर्जी'. पोलिसांच्या कन्नड कागदात 'पिर्यादी' दिसतो तो आपला फिर्यादीच. शब्द दोन्हीकडे जवळजवळ तेच आहेत.

निपाणीचे निवृत्त मुख्याध्यापक:
खटल्याचा एक अर्थ राहिलाच. आमच्या भागात मोठ्या एकत्र कुटुंबाला 'खटलं' म्हणतात. "त्यांचं खटलं मोठं हाय, वीस ताटं पडतात." मुलं हा शब्द घरी ऐकतात आणि वर्गात बेड्यांशी जोडतात. आधी घरचं खटलं काढावं, मग कोर्टाचं.

पण मला जास्त घोटाळा 'निकाल' या शब्दात दिसला. आपल्याकडे परीक्षेचाही निकाल आणि कोर्टाचाही निकाल. कन्नडमध्ये परीक्षेचा 'फलितांश' आणि कोर्टाचा 'तीर्पु', असे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, "निकालात वकील नापास झाला." त्याचा दोष नाही, शब्दच दोन ठिकाणी राबतोय. मी तेव्हापासून वर्गात 'निवाडा' म्हणायला लागलो. निवडणे आणि निवाडा एकाच घरातले शब्द. एकदा सुपात तांदूळ घेऊन गेलो आणि मुलांना खडे वेचायला लावले. तांदूळ एकीकडे, खडे एकीकडे, आणि शंका आली तर दाणा उजेडात धरून पाहायचा. साक्षीपुरावा म्हणजे तो उजेड. मुलं अर्धा तास सुपाभोवती बसली होती.

शिक्षिका:
सुपाची युक्ती उद्याच करते. अजून दोन जोड्या अडल्यात: आरोपी आणि गुन्हेगार, न्यायाधीश आणि न्यायमूर्ती.

वकील:
पहिल्या जोडीत तडजोड करू नका. पोलिसांनी ज्याच्यावर आळ घेतला तो आरोपी. कोर्टाने दोष शाबीत धरला तरच तो गुन्हेगार. कन्नडमध्येही 'आरोपी' आणि 'अपराधी' वेगळे आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर यातलं काहीच म्हणायचं नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे तो विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे कायद्याशी संघर्षात सापडलेलं मूल. शब्द जड आहे, पण त्यातली माया मुलांना समजावून सांगा.

न्यायमूर्ती म्हणायचं ते उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात न्यायाधीश. आपल्याला जवळचे न्यायमूर्ती धारवाडला. तिथं २००८ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ आलं आणि २०१३ पासून ते कायम झालं. त्याआधी उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी बेंगळूर गाठावं लागायचं. न्यायाधीश हा शब्द मात्र जुना आहे, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश होते.

जाता जाता, 'चारशेवीस' हा शब्द वर्गात आलाच तर सांगा की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. बोलीतून चारशेवीस एवढ्यात जाणार नाही.

मुख्याध्यापक:
आणि 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण? माझं मत, लहान वर्गात ती एकटी शिकवू नये. वर्षानुवर्षं तारखांना जाऊन चपला झिजवलेल्या माणसांचा अनुभव त्यात आहे, तो खराच आहे. पण मुलाच्या मनात बसतं ते एवढंच, की कोर्टात जाणारा माणूस शहाणा नव्हे. अन्याय झाला तर त्याने जायचं कुठं? म्हण शिकवलीच, तर लोकअदालत आणि मोफत कायदेशीर मदतही त्याच तासाला शिकवा. मुलांना आणि स्त्रियांना ती मदत १९८७ च्या कायद्यानेच मिळते.

शिक्षिका:
काल तास झाला. सूप नेलं होतं. मग फळ्यावर फक्त दोन शब्द लिहिले, दावा आणि खटला, आणि घरी कुणाला कोर्टाचा कागद बघायला मिळाला तर त्यातले शब्द उतरवून आणा, असं सांगितलं. कुणावर सक्ती केली नाही.

आज ती मागच्या बाकावरची मुलगी वहीत चार ओळी घेऊन आली. कागद कन्नडमध्ये होता, तिने अक्षर लावून लावून वाचला होता. उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमचा खटला न्हाई, दावा हाय. आमचे आजोबा वादी आहेत." सीमाप्रश्नाचं विचारणारा तो मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे महाराष्ट्रासारखे." मुलगी हसली आणि तिने वही पुढच्या बाकावर बघायला दिली.