मदत हवी आहे: ग्रेड बदलला की एन्लार्जरचा लाइट मीटर चुकतो

नमस्कार मंडळी,

एक जुना एन्लार्जिंग मीटर (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचा उजेड मोजणारा) हाती आलाय, माहितीपत्रकाशिवाय. बेसबोर्डवर ठेवायची एलडीआरची (उजेडानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरची) डबी, एक आकड्यांची चकती आणि दोन बारके दिवे. दोन्ही दिवे सारखे लागले की माप जुळलं.

मी केलं ते असं. टेस्ट स्ट्रिपा (वेगवेगळा वेळ देऊन चाचणी पट्ट्या) काढत काढत एका निगेटिव्हचा ग्रेड 2 वर (ग्रेड म्हणजे फिल्टर लावून बदलायचा कॉन्ट्रास्ट, आकडा मोठा तितका जास्त) मनासारखा प्रिंट काढला, 16 सेकंद. मग काहीही न हलवता, पांढऱ्या सदऱ्याची वीण जिथे जेमतेम दिसते तिथे डबी ठेवून चकती जुळवली. पुढच्या निगेटिव्हला चकतीला हात लावायचा नाही. अपर्चर कमीजास्त करून दिवे जुळवायचे आणि पुन्हा 16 सेकंद. ग्रेड 2 वर हे झकास चालतं.

भानगड ग्रेड बदलल्यावर होते. फिल्टरच्या पाकिटावर लिहिलंय की 00 ते साडेतीनला सारखाच वेळ, 4 आणि 5 ला दुप्पट. त्याप्रमाणे ग्रेड 4 ला 32 सेकंद दिले तर सदरा कोरा कागद. ग्रेड 1 वर तोच सदरा मळका. शिवाय फिल्टर बदलून मोजलं की दिवे भलतंच सांगतात. मीटर बिघडलाय की माझंच काही चुकतंय?

प्रतिसाद 1

मीटर शाबूत आहे. पाकिटावरचा हिशेबही खोटा नाही, पण तो मधल्या करड्या छटेचा आहे. ग्रेड बदलला तरी ती छटा जागेवर राहावी म्हणून फिल्टर तसे जुळवलेले असतात. तुम्ही मोजताय टोकाची छटा. ग्रेड चढला की ती मधल्यापासून दूर पळते, उतरला की जवळ येते. म्हणून 4 वर कोरा आणि 1 वर मळका.

मोजताना फिल्टर काढा. मल्टिग्रेड कागद (फिल्टरने ग्रेड बदलता येणारा) निळ्या-हिरव्या उजेडाला जागतो, एलडीआरला पिवळं-लालही दिसतं. फिल्टरमधून दोघांची मतं जुळायची नाहीत. ग्रेड 2 चं मापही फिल्टर काढून नव्याने घ्या.

मग 21 पायऱ्यांची स्टेप वेज (पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) आणा. एका पायरीत घनतेचा फरक 0.15, म्हणजे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ती कागदावर दाबून ठेवा आणि अपर्चर न हलवता प्रत्येक ग्रेडची एक पट्टी काढा, 4-5 ला दुप्पट वेळ देऊन. पट्ट्या वाळल्यावरच बघा, कारण फायबर कागद वाळताना गडद होतो. कोऱ्या कागदाहून जेमतेम वेगळी दिसणारी पायरी ग्रेड 2 च्या तुलनेत किती सरकली ते मोजा. तेवढाच वेळेचा फरक.

प्रतिसाद 2

वरचं बरोबर. मोजताना डार्करूमचा लाल दिवा बंद करता ना? मी कितीतरी दिवस करत नव्हतो आणि लेन्सला दोष देत होतो. एलडीआर उजेड लक्षातही ठेवतो. खोलीतला दिवा मालवल्यावर त्याला थोडा वेळ अंधारात बसू द्या. व्होल्टेजवरही डोळा असू द्या. टंगस्टन बल्बला 5 टक्के व्होल्टेज कमी पडलं तर उजेड सुमारे 15 टक्क्यांनी घटतो, म्हणजे पाव स्टॉप गेलाच. त्यात बल्ब पिवळटतो, तो भाग वेगळा.

धागाकर्ता

लाल दिवा चालूच होता, कबूल!

पट्ट्या काढल्या. ग्रेड 4 वर पायरी दीडने सरकली, म्हणजे दुपटीच्या वर आणखी पाऊण स्टॉप: 32 चे 54 सेकंद. ग्रेड 1 ला उलट एक तृतीयांश स्टॉप कमी, 13 सेकंद. ग्रेड 3 ला 20. सदऱ्याची वीण आता तिन्ही ग्रेडवर दिसते, ग्रेड 4 वर सावल्या मात्र ठार काळ्या, पण त्या निगेटिव्हला 4 लावायचं मुळात कारणच नव्हतं.

चकतीशेजारी चिकटपट्टीवर ग्रेडवार सेकंद लिहून टाकलेत. ग्रेड 5 ची पट्टी अजून ओली आहे.