मदत हवी आहे: क्लबातल्या मंडळींना 'नेमकं' उडवायची गोडी कशी लावावी? (आरसी विमानं, मिरज)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि सहा वर्षांपासून रिमोटवरची विमानं उडवते. आमचा चौदा जणांचा गट आहे. क्लब म्हणतो आम्ही, नोंदणी वगैरे काही नाही. रविवारी पहाटे मिरज पूर्व भागातल्या एका पडीक माळावर जमतो. मालक भला माणूस, नुसत्या शब्दावर जागा वापरू देतो. गटात इंजिनिअरिंगची पाच मुलं आहेत, एक सराफ, दोन शिक्षक, हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी, शिवाय एक काका, जे कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई विभागात दोरीवरची विमानं फिरवायचे.

अडचण अशी की उडवता सगळ्यांना येतं. लूप (हवेत उभं वर्तुळ) मारतात, रोल (लांबीच्या आसाभोवती गिरकी) मारतात, उलटं नेतात. पण लूप कुठे सुरू झाला, कुठे संपला, गोल झाला की अंड्यासारखा, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. जितकं खाली, जितकं जवळ, जितकं अचानक, तितक्या टाळ्या. फेब्रुवारीत एकाचं विमान अशाच एका खालच्या रोलमधून शेजारच्या द्राक्षबागेत शिरलं. ऐन काढणीचे दिवस, घड लगडलेले. मांडवाची एक तार सुटली आणि दोन वेलींचा माल गेला. आम्ही भरपाई दिली, माफी मागितली, शेतकरीदादांनी मोठं मन दाखवलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पुन्हा असं झालं तर माळही जाईल आणि माणसंही दुखावतील.

माझ्या डोक्यात हे कुठून आलं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळ एकांना पॅटर्नचा, म्हणजे ठरलेल्या कसरती ठरलेल्या रेघांवर नेमक्या उडवण्याचा, सराव करताना पाहिलं. त्यांचं विमान डावीकडून आलं ते सुताराने सूत मारावं तसं. समोर मध्यावर आल्यावर नाक उचललं आणि ओळंब्यात वर गेलं, वर अर्धा रोल, थांबा, मग पलीकडे तितक्याच उंचीवर, तितक्याच वेगाने बाहेर. आवाजसुद्धा बदलला नाही. मला ती रेघ हवेत राहिलेली दिसत होती. त्यानंतर मी स्वतः बसून शिकते आहे, व्हिडिओ बघून, नियम वाचून. जमतं तितकं जमतं. पण एकटीने किती करायचं? आपल्या माणसांनी बाजूला उभं राहून 'आत्ता डावा पंख पडला' असं सांगावं, ही माझी खरी गरज आहे.

दिवाळीनंतर एक प्रयत्न केला आणि तो फसला. छोटी स्पर्धा ठेवली: सरळ रेघ, लूप, रोल. आंतरराष्ट्रीय पद्धतीने दहापैकी गुण, दर १५ अंशांच्या चुकीला एक गुण वजा. परीक्षक मी एकटी. सराफभाऊंना लूपला साडेतीन मिळाले. ते काही बोलले नाहीत, विमान गाडीत ठेवलं आणि निघून गेले. मुलांपैकी एक म्हणाला, "ताई, आम्ही रविवारी मोकळं व्हायला येतो. परीक्षा आठवडाभर असतेच." त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पुढचे दोन रविवार सहाच जण आले.

आता जाणकारांना विचारायचं आहे ते हे. सुरुवात कशाने करावी? गुण द्यावेत की नाही? आणि आमच्याकडची विमानं यासाठी चालतील का? बहुतेकांकडे घरी कापलेली फोमची, वर पंख असलेली ट्रेनर (शिकाऊ विमानं) आहेत, पंखाची खालची बाजू सपाट. तिघांकडेच दोन्ही बाजूंनी सारख्या गोलाईच्या पंखाची विमानं आहेत, मीटरभर पंखांची, तीन सेलच्या २२०० च्या बॅटरीवर चालणारी. रेडिओ, म्हणजे हातातले रिमोट, बहुतेकांचे फ्लायस्काय आय-६. नवी खरेदी सगळ्यांना परवडणारी नाही, तेव्हा 'आधी चांगलं विमान घ्या' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, धागा वाचून बरं वाटलं. मी बारा वर्षं पॅटर्न उडवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही कसरतींपासून सुरुवात केलीत, तिथेच गाडी अडली. सुरुवात ट्रिमिंगपासून करा, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल असा त्याचा समतोल बसवणं. एक अख्खा रविवार फक्त विमानं सरळ करायला द्या. यात कुणी कुणाला गुण देत नाही, चूक माणसाची नसते, विमानाची असते, आणि सगळे एकाच विमानाभोवती गोळा होतात. माझ्या अनुभवात लोक इथेच अडकतात, चांगल्या अर्थाने.

ज्या तिघांची विमानं सारख्या गोलाईच्या पंखाची आहेत ती आधी घ्या. ४५ अंशांत वर चढवा, अर्धा रोल करून उलटं करा आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीची) स्टिक सोडा. विमान लगेच जमिनीकडे झुकलं तर नाक जड आहे, बॅटरी जराशी मागे सरकवा. पोटाच्या बाजूने आणखी वर चढू लागलं तर शेपूट जड. बराच वेळ रेघेवर राहून मग हळूच झुकलं तर जमलं. बॅटरी एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त हलवू नका. मग पूर्ण पॉवरवर ओळंब्यात वर न्या. डावीकडे सरकत असेल तर मोटरचा रोख किंचित उजवीकडे हवा, म्हणजे मोटरच्या पाटीमागे डाव्या स्क्रूंवर एकेक पातळ वॉशर. शेवटी वाऱ्याच्या तोंडावर दोनतीन लूप ओढून घ्या. दर वेळी तोच पंख पडत असेल तर तो जड आहे, दुसऱ्या टोकाला नाणं चिकटवून बघा.

रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: मशीन आधी समतोल करायची, मगच तिच्याकडून काम मागायचं.

सपाट पोटाच्या ट्रेनरवर उलटं उडवणं आणि सावकाश रोल जिवावर येतात, ते त्यांच्याकडून मागूच नका. पण सरळ रेघ, प्रोसिजर टर्न आणि एक गोल लूप ट्रेनरवर उत्तम जमतो. प्रोसिजर टर्न म्हणजे आधी ९० अंश बाहेर वळायचं, लगेच उलट दिशेला २७० अंश वळून त्याच रेघेवर परत यायचं. ऐकायला सोपं आहे. पण परत त्याच रेघेवर, त्याच उंचीवर येऊन दाखवा म्हणावं. अमेरिकेत सुरुवातीच्या वर्गाला स्पोर्ट्समन म्हणतात, पुढे इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, मास्टर्स आणि मग जागतिक स्पर्धेचा वर्ग, एफ-थ्री-ए. पायऱ्या उगीच नाहीत.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फला या प्रकारची पहिली जागतिक स्पर्धा झाली, एड काझमिर्स्की जिंकले. स्टिक जितकी हलवावी तितक्याच विमानाच्या हलत्या पट्ट्या हलाव्यात, ही सोय तेव्हा सर्रास नव्हती. त्यामानाने आय-६ मध्ये स्टिकचा परिणाम हवा तसा बसवायच्या सोयी आहेत: एक्स्पो, ड्युअल रेट, मिक्सिंग. रेडिओ कमी पडणार नाही.

प्रतिसाद २

सिम्युलेटर. पावसाळ्यात चार महिने तेच करा. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने.

प्रतिसाद ३ (सातारा)

विमानातलं मला काही कळत नाही. मी मल्लखांब शिकवतो. पण तुमचे सराफभाऊ गाडीत विमान ठेवून निघून गेले, ते वाचून लिहावंसं वाटलं, कारण अशी मुलं मी गमावली आहेत.

आकडा कधी एकटा देऊ नये. 'साडेतीन' ऐकल्यावर माणसाला आपणच साडेतीनचे आहोत असं वाटतं. 'लूप वरच्या बाजूला चपटा झाला' हे ऐकल्यावर हात शिवशिवतात. आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिले काही दिवस त्याला खांबावर चढवण्याआधी बघायला बसवतो. पाय जुळले की नाही, टाचा ताणल्या की नाही, दुसऱ्याचं सांग. डोळा तयार झाला की शरीर त्याच्या मागे येतं. तेव्हा तुम्ही परीक्षक होऊ नका. त्यांना परीक्षक करा. आणि पहिल्यांदा उडवायला तुम्ही उभ्या राहा.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बघायची. आज फक्त पंख समतल. बाकी कितीही बिघडू दे, बोलायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याचे दादा, तुमचा सल्ला वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या दिवशी खुर्ची टाकून, वही घेऊन बसले होते. सराफभाऊंना काल फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग म्हटलं की येत्या रविवारी मी उडवणार आहे आणि तुम्ही बघायचं आहे. येतो म्हणाले.

पुण्याच्या दादांना एक शंका. नियमात उड्डाणाची चौकट उडवणाऱ्यापासून दीडशे मीटर अंतरावर आणि दोन्ही बाजूंना व वर साठ अंश अशी आहे. एवढी उंची आम्हाला चालेल का?

प्रतिसाद ४ (पुणे, वर लिहिणाराच)

चांगला प्रश्न. दीडशे मीटरवर साठ अंश म्हणजे सुमारे २६० मीटर उंची, साडेआठशे फूट. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) कमाल ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर. तेव्हा ती चौकट जशीच्या तशी उचलू नका. ती दोन मीटरच्या विमानांसाठी आहे. तुमची विमानं त्याच्या निम्मी आहेत, चौकटही निम्म्याहून लहान करा. ६५ मीटर अंतर धरलंत तर साठ अंशांवर ११३ मीटर उंची होते, मर्यादेत बसते, आणि बाजूलाही मध्यापासून ११३-११३ मीटर पुरतात. एवढ्या अंतरावर मीटरभराचं विमान डोळ्याला साधारण तेवढंच दिसतं जेवढं दीडशेवर दोन मीटरचं दिसतं.

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा उड्डाण-क्षेत्रांचा नकाशा दर वेळी बघायचाच, क्षेत्रं बदलतात. आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात.

शिवाय द्राक्षबागेचा प्रश्न इथेच सुटतो. ६५ मीटरवर दोरीने माप घेऊन झेंडे रोवा, रेघेखाली कुणी उभं राहायचं नाही, आणि बाग उडवण्याच्या चौकटीबाहेर राहील अशी दिशा धरा. नेमकं उडवणाऱ्याला विमान पुढच्या तीन सेकंदांनी कुठे असेल ते माहीत असतं.

धागाकर्ती (तीन रविवारांनंतर)

काय झालं ते सांगायला आले आहे, कारण तुम्ही वेळ काढून लिहिलंत.

पहिल्या रविवारी ट्रिमिंग. अकरा जण आले. माझंच विमान नाक जड निघालं, वर्षभर मी एलिव्हेटर ट्रिमने झाकत होते. दिवाणजींनी हेरलं. बॅटरी दोनदा सरकवली आणि उलटं असताना विमान जिथे ठेवलं तिथे राहिलं, तेव्हा सगळे एकदम 'आ' करून गप्प झाले. मग प्रत्येकाला आपलं करून हवं होतं. साडेदहापर्यंत वारा सुटला तरी कुणी हलेना. बॅटऱ्या संपल्या म्हणून थांबलो.

दुसऱ्या रविवारी झेंडे. एनसीसीवाल्या काकांनी जुन्या पिवळ्या साड्यांचे पाच झेंडे शिवून आणले. फक्त सरळ रेघ, जाताना आणि येताना, पंख समतल. आधी मी. सराफभाऊ म्हणाले, "येताना उजवा पंख खाली. आणि मध्यापाशी चढताय." दोन्ही बरोबर होतं. सराफांची नजर आहे ती, रतीभर फरक दिसतो त्यांना, आणि मी त्यांना वर्षभर कधी विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक उड्डाणाला शेजारी एक सांगणारा असतो. स्पर्धेत याला कॉलर म्हणतात आणि तो नियमातच आहे, हे कळल्यावर मुलांना त्याचं अप्रूप वाटलं. 'परीक्षा नको' म्हणणारा मुलगाच सगळ्यात चांगला कॉलर आहे, त्याचा आवाज शांत राहतो.

काल प्रोसिजर टर्न आणि एक लूप. लूपमध्ये चढताना पॉवर, माथ्यावर एलिव्हेटर थोडा सैल, उतरताना पॉवर बंद, हे दोघांनाच जमलं. गुण अजून दिलेले नाहीत. परत येताना शिक्षकांपैकी एकांनी विचारलं, "मग गुण कधी?" मी म्हटलं, तुम्ही सगळे म्हणाल तेव्हा.

खालचे रोल थांबले का? पूर्ण नाही. शेवटची पंधरा मिनिटं ज्याला जे हवं ते, पण झेंड्यांच्या पलीकडे आणि दोन माणसांच्या उंचीच्या वरच. एवढं ठरवून घेतलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. उसात मात्र एक गेलंच, रेडिओची बॅटरी उतरली होती. बझर लावलेला होता म्हणून वीस मिनिटांत मिळालं, नाहीतर तोडणीपर्यंत वाट बघायची वेळ.

एक अडचण उरली आहे. स्टॉल टर्न, म्हणजे ओळंब्यात वर जाऊन थांबता थांबता बाजूला पलटून खाली येणं. डावीकडे माझं विमान व्यवस्थित पलटतं, उजवीकडे वळवलं की लोंबकळतं आणि वाकडं पडतं. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) पूर्ण देते. काय चुकतंय?

प्रतिसाद ५ (पुणे)

डावीकडे पंख्याचा पीळ तुमच्या बाजूने असतो, उजवीकडे विरुद्ध. उजवीकडे रडर थोडा आधी द्या, विमान पूर्ण थांबायच्या आत, आणि रडरवर हवा फेकायला किंचित पॉवर ठेवा. पूर्ण बंद करू नका. पलटताना पंख मागेपुढे होत असतील तर थोडं उलटं एलेरॉन (रोल करवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या). पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या निम्म्यात पलटलं तर गुण कापले जात नाहीत, तेवढं जमेपर्यंत दहाबारा बॅटऱ्या जातील.

पिवळे झेंडे सकाळच्या उन्हात गवतावर दिसतात का? आमच्याकडे भगवे किंवा गुलाबी चांगले दिसतात.

धागाकर्ती

दिसत नाहीत हो, काल तेच बोलणं झालं. काकांना गुलाबी साडी शोधायला सांगते. पॉवर मी पूर्णच बंद करत होते. रविवारी उजवीकडून करून बघते आणि लिहिते.