मदत हवी आहे: आयसीयूत बाबा भ्रमात आहेत, डॉक्टरांना औषधांबद्दल काय विचारू?

नमस्कार. बाबा (वय 74) गेल्या सोमवारपासून इथे पुण्यात एका रुग्णालयात आयसीयूत आहेत. न्यूमोनियाचा सेप्सिस झाला (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेफाम प्रतिसाद, त्यात अवयव निकामी होऊ लागतात), बीपी कोसळलं, त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. बीपी वर ठेवायला नॉरअॅड्रेनालिन हे औषध चालू होतं. मीन प्रेशर (सरासरी बीपी) 65 च्या वर टिकलं की औषध थोडं थोडं कमी करतात, असं सिस्टरांनी मला मॉनिटरवर दाखवून समजावलं होतं. ते आता बंद झालंय, परवा व्हेंटिलेटरची नळीही काढली. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

काल संध्याकाळी आत गेले, तर बाबांचे दोन्ही हात क्रेप बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मनगटावर लाल वळ. मला म्हणाले, "आक्का, भोंगा झाला, माझं कार्ड पंच व्हायचंय." आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, तिला जाऊन 9 वर्षं झाली. खडकीच्या फॅक्टरीतून बाबा निवृत्त झाले त्यालाही 14 वर्षं होतील. रात्री राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) ओढून काढली म्हणून हात बांधले म्हणे. सकाळी बरेच ताळ्यावर असतात, दिवेलागणीला बिघडतं.

माझी सोलापूरची मावसबहीण आयसीयूत नर्स आहे. ती म्हणाली, हा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम, वेड लागलेलं नाही, घाबरू नकोस. मिडाझोलम या गुंगीच्या औषधाने तो वाढू शकतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगी हलकीच ठेवावी, मिडाझोलमऐवजी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन ही गुंगीची औषधं वापरावीत, आणि डेलिरियमला हॅलोपेरिडॉल (भ्रम, अस्वस्थतेवर देतात ते औषध) सरसकट देऊ नये असं आहे. काल मेडिकलमधून औषधं आणायला दिलेल्या चिठ्ठीवर मिडाझोलम आणि हॅलोपेरिडॉल दोन्ही होती.

इथे कोणी आयसीयूतले डॉक्टर, सिस्टर असाल तर सांगा: नळी निघाल्यावरही रात्री मिडाझोलम का देत असतील? बाबांची नाडी मुळातच 55 च्या आसपास असते, डेक्समेडेटोमिडिनने ती आणखी उतरते ना? मग त्यांना ते चालेल का? आणि हे विचारायचं कसं? ही माणसं आठवडाभर बाबांसाठी रात्रंदिवस झटली आहेत, त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं मला वाटू द्यायचं नाही.

आणखी एक. दाखल करताना बाबांचा चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत घालून माझ्या हातात दिलं होतं. ते आठवडाभर माझ्या पर्समध्येच राहिलं. मशीनशिवाय बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सिस्टर "आजोबा, आज वार कोणता?" विचारतात आणि ते नुसते बघत राहतात. मावसबहीण म्हणते, चष्मा, मशीन, दिवसा उजेड, रात्री झोप आणि घरचं माणूस जवळ, यांचा खूप उपयोग होतो. संध्याकाळी अर्धा तास जास्त बसू द्या अशी विनंती कोणी केली आहे का? हात मोकळे ठेवायचे तर मी शेजारी बसून धरून ठेवेन.

घरातलं कोणी यातून गेलं असेल तर किती दिवसांत माणसं ओळखायला लागले, तेही लिहा. मशीनला नवा सेल घातलाय. उद्या 11 वाजता राऊंडनंतर डॉक्टर पाच मिनिटं भेटतात, त्याआधी जमेल तेवढं सांगा.